परदेशात आपत्ती आली, कंपनीने कॉल फ्री केले, आता फोन कसा लावायचा?

२५ एप्रिल २०१५, शनिवार. आमच्याकडे रत्नागिरीत ऐन हापूसचा सीझन, खळ्यात पेट्या भरायचं काम चालू, आणि दुपारी जेवायच्या वेळेला टीव्हीवर पट्टी आली की नेपाळात मोठा भूकंप झालाय. बागेतले आमचे चारही गडी नेपाळी. कोकणात आंब्याच्या बागायतदारांकडे हे काही नवीन नाही, राखण म्हणा काढणी म्हणा, नेपाळी माणसांशिवाय आता सीझन होतच नाही. त्यातला थोरला, त्याला आम्ही दाजू म्हणतो, त्याचं घर तिकडे पार पश्चिमेला कैलालीला, तिथे तसं काही झालं नव्हतं, पण धाकटा भाऊ होता भक्तपूरच्या वीटभट्टीवर. दाजूने हातातला झेला, म्हणजे आंबे काढायची जाळीवाली काठी, कलमाला टेकवून ठेवला आणि फोन लावत बसला, काळोख पडेपर्यंत लावतच होता.

मग बातमी आली की एअरटेलने नेपाळचे कॉल ४८ तास फ्री केलेत आणि बीएसएनएलने तीन दिवस लोकल रेट लावलाय. आम्ही सगळे खूश. पण दाजूचं सिम तिसऱ्याच कंपनीचं, त्यांची काय ऑफर आहे ते दुकानदाराला माहीत नाही आणि कस्टमर केअरला माणूस भेटेना. मी शहाणपणा करून १०० रुपयांचा टॉपअप मारला तर कळलं प्रीपेडवर आयएसडी, म्हणजे परदेशी कॉल करायची सोयच बंद आहे, आधी ते चालू करा. शेवटी शेजारच्या काकांचा बरोबर कंपनीवाला फोन आणला, तर त्याच्यावर नुसतं टूं टूं टूं. म्हणजे पैसे लागणार नाहीत हे खरं, पण फोन लागणार नाही हेही तितकंच खरं. या दोन वेगळ्या भानगडी आहेत आणि लोक नेहमी पहिलीच बघतात.

त्यानंतर एवढ्या वर्षांत गावातली, नात्यातली बरीच माणसं याच कामासाठी माझ्याकडे आली, कुणाचा जावई जपानला, कुणाची भाची तुर्कस्तानात शिकायला, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय.

फ्री म्हणजे नक्की काय फ्री

आधी हे समजून घ्या की परदेशी कॉलला पैसे का लागतात. तुमचा कॉल तुमची कंपनी तिकडच्या कंपनीच्या हवाली करते आणि तो पुढे त्या माणसाच्या फोनपर्यंत नेण्याचे मिनिटावर पैसे तिकडची कंपनी आकारते, नेपाळात असेल तर एनसेल किंवा नेपाल टेलिकॉम. म्हणजे कंपनीने कॉल फ्री केला तरी मागे कुणीतरी ते भरत असतं, एकतर आपली कंपनी पदरचे घालते नाहीतर तिकडची कंपनी सोडून देते. म्हणूनच या ऑफरी ४८ तास, तीन दिवस, फार तर काही आठवडे अशा असतात, आणि म्हणूनच त्यात अटी असतात.

२०१५ मध्येच बघा ना, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. स्काइपने नेपाळातल्या मोबाइल आणि लँडलाइनवर कॉल फ्री केले. व्हायबरने नेपाळातून बाहेर करायच्या कॉलचं बिलिंगच बंद केलं, म्हणजे तिकडे अडकलेल्याने ॲपवरून आपल्या साध्या नंबरवर फोन केला तर फ्री. गूगलने फ्री न करता मिनिटाचा दर १९ सेंटवरून १ सेंटवर आणला. सगळ्यांची बातमी एकाच ओळीत, "नेपाळला फोन करा फुकट", पण एकात तुम्ही फोन करायचा होता आणि दुसऱ्यात तिकडच्याने. आणि हो, जुने लेख वाचून स्काइप शोधायला जाऊ नका, मे २०२५ मध्ये ते कायमचं बंद झालं.

तर ऑफरची बातमी दिसली की कंपनीच्या ॲपमध्ये किंवा त्यांच्या अधिकृत साइटवर जाऊन पुढच्या गोष्टी वाचायच्या, दोन मिनिटं लागतात. ऑफर कुठल्या देशातल्या ग्राहकांसाठी आहे, कारण एकाच नावाची कंपनी भारतात वेगळी आणि जर्मनीत वेगळी असते. फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तान आणि सिरियात भूकंप झाला तेव्हा युरोपातल्या कंपन्यांनी तिकडचे कॉल फ्री केले आणि इथले लोक तीच पोस्ट फिरवत बसले, तिचा भारतातल्या सिमला काडीचा उपयोग नव्हता. मग फ्री कधीपासून कधीपर्यंत आणि ती वेळ कुठल्या देशाची. मग फक्त कॉल की एसएमएसही. मोबाइल आणि लँडलाइन दोन्ही की एकच. मिनिटांची मर्यादा आहे का. प्रीपेड, पोस्टपेड दोघांना आहे का. आणि मोठ्या कंपनीचं नेटवर्क भाड्याने घेऊन चालणारं स्वस्तातलं सिम असेल, गल्फ आणि युरोपात आपली बरीच मुलं तेच वापरतात, तर मूळ कंपनीची ऑफर तुम्हाला लागू होईल असं धरून चालू नका.

पैसे कापून मग परत देणार का, हेही बघा. काही ठिकाणी कॉल सरळ शून्य दराने लागतो, काही ठिकाणी आधी बिलात येतो आणि नंतर क्रेडिट मिळतं. प्रीपेडवाल्याने खात्यात थोडा बॅलन्स ठेवावाच, शून्य बॅलन्सवर सिस्टीम कॉल सोडतच नाही असं होऊ शकतं, मग ऑफर असून नसून सारखी.

आणि "ही लिंक दाबा, फ्री आयएसडी चालू करा" असा मेसेज आला तर तो उडवा. खरी ऑफर असते ती आपोआप लागू होते किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये दिसते, त्यासाठी दहा जणांना फॉरवर्ड करायला कुणी सांगत नाही आणि ओटीपी तर नाहीच नाही.

माणूस तिकडे कुठल्या सिमवर आहे?

हे मी मुद्दाम वेगळं काढलंय कारण मराठी माणसाची नेहमीची चूक इथेच होते. आपले लोक नेपाळला जातात ते पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, पोखरा अशा टूरला, खिशात भारताचं सिम. तुम्ही घरून त्यांच्या भारतीय नंबरवर फोन केलात तर तो तुमच्या दृष्टीने साधा देशातला कॉल, नेपाळच्या ऑफरचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण रोमिंगमध्ये इनकमिंगचे पैसे त्यांचे कापले जातात, आणि निघताना रोमिंग चालूच केलं नसेल तर सिम तिकडे नुसतं प्लास्टिकचं.

मग काय करायचं, तर टूर मॅनेजरचा नेपाळी नंबर मिळवा, ज्या हॉटेलात उतरलेत तिथला लँडलाइन मिळवा, गाडीच्या ड्रायव्हरचा नंबर मिळवा, आणि फ्री ऑफर वापरायची ती या नंबरांवर. टूरवाल्याच्या इकडच्या ऑफिसला फोन करून हे नंबर मागायला लाजू नका. ४० जणांच्या ग्रुपमधला एक माणूस सापडला की ४० घरांचा जीव भांड्यात पडतो.

नंबर कसा फिरवायचा

प्रीपेडवर आयएसडी चालू आहे का ते आधी बघा, बऱ्याचदा नसतंच. ॲपमधून किंवा कस्टमर केअरला सांगून चालू होतं, पण आपत्तीच्या दिवशी कस्टमर केअरला सगळं जग रांगेत असतं, त्यामुळे ॲप बरं.

मग + चं चिन्ह, देशाचा कोड, आणि पुढे नंबर, पण नंबराच्या आधीचं शून्य काढून. नेपाळ ९७७, म्यानमार ९५, श्रीलंका ९४, अफगाणिस्तान ९३, तुर्कस्तान ९०, सिरिया ९६३, जपान ८१, फिलिपिन्स ६३, हैती ५०९. काठमांडूचा लँडलाइन तिकडचे लोक ०१ लावून सांगतात, तुम्ही लावायचा +९७७ मग १ आणि मग उरलेले आकडे. पोखरा ०६१, म्हणजे +९७७ आणि ६१. नेपाळातले मोबाइल नंबरही आपल्यासारखेच दहा आकडी आणि बरेचसे ९८ ने सुरू होतात, त्यामुळे नुसता नंबर लिहून ठेवला की तो भारतातलाच वाटतो आणि ९७७ न लावता फिरवला की कुणीतरी तिसराच उचलतो. दाजूच्या फोनमध्ये भावाचा नंबर असाच सेव्ह होता, अर्धा तास आम्ही कुठल्यातरी अनोळखी बाईला त्रास देत होतो, बिचारी तिसऱ्या वेळेला विचारायला लागली की भाऊ सापडला का. शून्य काढायच्या नियमाला एक अपवाद सांगतो, इटलीच्या लँडलाइनचं शून्य ठेवायचं.

वेळही बघा. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे फक्त १५ मिनिटं, भूकंप आपल्या ११:४१ ला झाला तेव्हा तिकडे ११:५६. पण तुर्कस्तान आपल्या अडीच तास मागे आणि जपान साडेतीन तास पुढे. नेटवर्कवर गर्दी त्या देशाच्या दिवसा आणि संध्याकाळी जास्त, पहाटे तीन-चारला लावून बघा, आमचा कॉल तेव्हाच लागला.

लागत नाही, का लागत नाही

टॉवरला बॅटरी असते, पण ती काही तासांची, लाईट गेली आणि जनरेटरला डिझेल पोचलं नाही की टॉवर मेला. काही टॉवर पडलेले असतात, कुठे केबल तुटलेली असते. जे टॉवर उरतात त्यांच्यावर अख्खं शहर आणि बाहेरून अख्खं जग तुटून पडतं. एका टॉवरवर एका वेळेला मोजकेच कॉल बसतात, एसटीच्या सीटसारखं, भरली की भरली. आणि ऑफर जाहीर झाली की गर्दी अजून वाढते, हा त्यातला विनोद.

म्हणून लागोपाठ रीडायल करू नका. पाच-दहा मिनिटं सोडून लावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरातून एकाच माणसाने लावायचा. काका, मामा, आत्या, पुण्याची मावशी, प्रत्येकाने लावला तर आपण आपलीच लाईन अडवतो आणि तिकडच्याची बॅटरी खातो. एकजण ठरवा, बाकीच्यांनी त्याच्याकडून ग्रुपवर खबर घ्यायची.

कॉलच्या आधी एसएमएस टाका. होय, तोच जुना एसएमएस, ज्याच्यात आता फक्त ओटीपी आणि लोनच्या जाहिराती येतात. कॉलला शेवटपर्यंत मोकळी लाईन लागते, एसएमएसला ती लागत नाही, तो कंपनीच्या सेंटरमध्ये थांबून राहतो आणि समोरचा फोन रेंजमध्ये आला की जातो. तुम्ही झोपलेले असाल तरी तो प्रयत्न करत राहतो. मेसेज असा टाका की उत्तर एका शब्दात देता येईल. आम्ही टाकला होता, "ठीक हो? हां या ना लिखो. कहां हो?" बस. नुसता "फोन कर" असं लिहू नका, त्याला फोन लागत असता तर त्याने केलाच असता.

व्हॉट्सॲपचं म्हणाल तर इंटरनेट असेल तर उत्तमच, आयएसडीचा प्रश्नच नाही, पण कॉलपेक्षा टेक्स्ट किंवा छोटी व्हॉइस नोट पाठवा, कमकुवत नेटवर ती सुटते, कॉल तुटतो. जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा दुबई आणि लंडनमधल्या मुलांकडे नेट होतं, व्हॉट्सॲप होतं, सगळं फ्री होतं, पण इकडे आई-वडील माळ्यावर आणि फोन बंद. तेव्हा कामाला आली ती वरच्या आळीतली, न बुडालेल्या घरांतली माणसं. म्हणून शेजारचा एक नंबर असावाच.

लागला तर पहिल्या वीस सेकंदात काय बोलायचं

हसू नका, हे आधी कागदावर लिहा. कॉल कधीही तुटतो. रडारड, "अरे बापरे", "टीव्हीवर बघून आमचा तर जीवच गेला" हे सगळं नंतर. आधी विचारायचं लागलंय का, कुठे आहेस म्हणजे गाव आणि खूण सांग, सोबत कोण, पाणी आणि पैसे आहेत का, फोनची बॅटरी किती, आणि पुढचा कॉल किती वाजता. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. वेळ ठरली की तो मधल्या काळात फोन बंद ठेवून बॅटरी वाचवू शकतो आणि तुम्हीही वेड्यासारखं लावत बसत नाही.

दाजूचा कॉल सोमवारी पहाटे लागला, काकांच्याच फोनवरून. पलीकडून एवढंच ऐकू आलं, "चिम्नी ढल्यो, म ठिक छु", आणि कट. म्हणजे भट्टीची चिमणी पडली, मी ठीक आहे. दहा सेकंदही झाले नसतील. दाजू तसाच पडवीत बसून राहिला आणि मग उठून चहा ठेवला, सगळ्यांना.

पुन्हा १२ मेला ७.३ चा दुसरा धक्का बसला तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो. कॉल लावलाच नाही, आधी मेसेज, वीस मिनिटांत "हां" आलं.

फोन लागलाच नाही तर

एक दिवस गेला आणि काहीच कळलं नाही तर शोधायच्या दुसऱ्या वाटा एकदम सुरू करा. रेडक्रॉसचं फॅमिली लिंक्स नावाचं काम आहे, आपत्तीत ताटातूट झालेल्या लोकांचा माग काढायचं, नेपाळच्या वेळीही ते चालू होतं, तिथे नाव नोंदवता येतं. गूगलचं पर्सन फाइंडर, म्हणजे हरवलेल्या माणसांची नावं नोंदवायची आणि शोधायची साइट, २०१० च्या हैतीच्या भूकंपात सुरू झालं आणि नेपाळलाही वापरलं गेलं. फेसबुकवर "मी सुरक्षित आहे" अशी खूण करायची सोय २०१४ पासून आहे, त्या माणसाचं प्रोफाइल उघडून बघा, कदाचित त्याने कधीच खूण केलेली असेल आणि तुम्ही फोन लावत बसलाय. अशा जागी नाव, वय, शेवटचं ठिकाण एवढंच टाका, पासपोर्ट नंबर आणि घरचा पत्ता टाकू नका, ते सगळ्या दुनियेला दिसतं.

भारतीय नागरिक अडकला असेल तर परराष्ट्र मंत्रालय अशा वेळी कंट्रोल रूम उघडतं आणि तिथला भारतीय दूतावास हेल्पलाइन देतो. नंबर मंत्रालयाच्या किंवा दूतावासाच्या अधिकृत खात्यावरूनच घ्या, फिरत्या फोटोतून नको. फोन करताना पासपोर्टवरचं नाव, पासपोर्ट नंबर, हॉटेल, टूरचं नाव, शेवटचं बोलणं कधी झालं हे समोर ठेवून करा. "आमचा बंड्या कालपासून लागत नाहीये" एवढ्यावर त्यांनाही काही करता येत नाही.

जपानमध्ये कुणी असेल तर तिथे १७१ नावाची भारी सोय आहे. मोठी आपत्ती आली की तिथल्या फोनवरून १७१ फिरवायचं, मग १ दाबून आपल्या नंबराखाली ३० सेकंदांचा निरोप ठेवायचा, दुसऱ्याने २ दाबून तोच नंबर टाकून ऐकायचा. इंटरनेटवरही तिचं भावंड आहे, ते इकडून उघडता येतं. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला सराव म्हणून वापरून बघता येतं, तेव्हा तिकडे असलेल्या मुलांना आजच सांगा की एकदा करून बघ आणि कुठला नंबर वापरायचा ते ठरवून ठेव.

आमच्याकडे आता पंपघराच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, प्रत्येक गड्याच्या घरचे दोन नंबर, +९७७ सकट, एक घरचा आणि एक शेजारचा. नोव्हेंबर २०२३ ला नेपाळातल्या जाजरकोटला भूकंप झाला तेव्हा रात्री तोच उघडला, त्या भागातला एक नवीन पोरगा नुकताच आला होता. घरचा नंबर बंद, शेजारचा लागला.

सगळं शांत झाल्यावर

आयएसडी बंद करून टाका, नाहीतर अनोळखी देशातून येणाऱ्या मिस्ड कॉलला कुणीतरी चुकून उलटा फोन लावतं आणि बॅलन्स साफ. आपत्तीनंतर हे मिस्ड कॉलवाले जरा जास्तच सापडतात, कारण लोक वाट बघत असतात आणि कुठलाही + चा नंबर दिसला की उचलून लावतात.

पोस्टपेडवाल्यांनी पुढचं बिल नीट बघा. ऑफरची तारीख आणि कॉलची तारीख जुळवा, रात्री बाराच्या आसपासचे कॉल मुद्दाम बघा, ऑफर संपल्यावर केलेले कॉल पूर्ण दराने लागलेले असतात आणि तिथे कंपनीचं बरोबर असतं. ऑफरच्या आतल्या कॉलचे पैसे लागले असतील तर तक्रार करा, डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा नंबर घ्या, त्यावर समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. प्रीपेडवालेही कॉलचा तपशील मागू शकतात, कंपनीला त्यासाठी जास्तीत जास्त ५० रुपये घेता येतात. आणि ऑफर जाहीर झाली त्या दिवशीच तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण महिन्याने बिल येतं तेव्हा ते पान साइटवरून गेलेलं असतं.